बांग राकाम: पुराच्या तारखेवर बेतलेले भात

थायलंडमधल्या फित्सानुलोक शहरापासून नैऋत्येला सुमारे 17 किलोमीटरवर, योम नदीच्या काठी बांग राकाम हे तालुक्याचे छोटे गाव आहे. थाई भाषेत 'बांग' म्हणजे पाण्याकाठची वस्ती. 'राकाम' हे पाणथळ जागी वाढणाऱ्या, आंबट फळे देणाऱ्या एका काटेरी ताडाचे नाव. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ क्लेश असाही होतो. गावाला पाणी नवे नाही. 2011 च्या महापुरात मात्र ते इतके दिवस पाण्यात राहिले की त्या ऑगस्टमध्ये नव्याने पंतप्रधान झालेल्या यिंगलक शिनावात्रा तिथे गेल्या आणि सरकारच्या पूरनियोजनाला 'बांग राकाम मॉडेल' हे नाव पडले. ते नाव तेव्हा मुख्यतः आपत्तीच्या वेळी सगळ्या खात्यांचा कारभार एका हाताखाली आणण्यापुरते होते. त्यात शेतीचा खरा विचार आला तो 2017 मध्ये, थाई शकाप्रमाणे 2560 मध्ये, म्हणून त्या आवृत्तीला 'बांग राकाम मॉडेल 60' म्हणतात. भाताची पेरणी 1 एप्रिलपर्यंत अलीकडे आणायची, 15 ऑगस्टच्या आत कापणी उरकायची, आणि रिकाम्या झालेल्या खाचरांत योमचा पूर मुद्दाम घ्यायचा. या लेखात त्याच योजनेचा अभ्यास आहे.

उतार, काठ आणि बशी

थायलंडची मुख्य नदी चाओ फ्राया चार उपनद्यांपासून बनते: पिंग, वांग, योम आणि नान. पिंगवर भूमिबोल धरण आहे, साठा 1,346 कोटी घनमीटर. नानवर सिरिकित धरण आहे, साठा 951 कोटी घनमीटर. वांगवरही धरणे आहेत. योमवर पूर अडवू शकेल असे एकही मोठे धरण नाही. फ्रे प्रांतातल्या केंग सुआ तेन या जागेचा प्रस्ताव कित्येक दशके कागदावर आहे, पण त्यात सागाचे जुने जंगल आणि साइआप परिसरातली गावे बुडतील म्हणून तिथल्या लोकांनी तो आजवर होऊ दिलेला नाही. त्यामुळे योममध्ये डोंगरावर पडलेला पाऊस जसाच्या तसा खाली येतो.

नदीची लांबी सुमारे 735 किलोमीटर, पाणलोट सुमारे 24,000 चौरस किलोमीटर. ती फायावच्या डोंगरात उगम पावते, फ्रेच्या खोऱ्यातून उतरते, सी सात्चानालाय आणि सावानखालोकवरून सुखोथाईला येते आणि तिथून बांग राकाम, फिचित करत नाखोन सावान प्रांतातल्या चुम सेंग तालुक्यात नानला मिळते. नदी खाली जाईल तसे तिचे पात्र रुंदावेल अशी आपली अपेक्षा असते. योमचे उलटे आहे. सी सात्चानालायपाशी पात्र ऐसपैस आहे. सुखोथाई शहरात ते सेकंदाला सुमारे 550 घनमीटर, म्हणजे 19,000 क्युसेकच्या थोडे वर, एवढेच पाणी काठ न ओलांडता नेते. बांग राकामपर्यंत ते आणखी आकसते. सपाट मैदानात शिरल्यावर वेग मंदावतो, गाळ बसतो, आणि पुराचा मोठा हिस्सा पूर्वीपासून पात्राबाहेरूनच वाहत आल्यामुळे पात्र मोठे होण्याचे कारणच उरलेले नाही.

बांग राकामची उंची समुद्रसपाटीपासून साधारण 40 मीटर आहे आणि थायलंडचे आखात सरळ रेषेत 350 किलोमीटरहून दूर. म्हणजे किलोमीटरला जेमतेम 11 सेंटिमीटर उतार, आणि नदीच्या वळणांचे अंतर धरले तर त्याहूनही कमी. इतक्या अल्प उतारावर पाणी निघून जायला घाई करत नाही. नाखोन सावानजवळ नान आणि पिंग दोन्ही भरलेल्या असतील तर फुगवटा मागे सरकत येतो आणि योमचे पाणी जागच्या जागी थांबते.

आडवा छेद घेतला तर गावाची रचना लगेच उलगडते. पूर काठ ओलांडतो तेव्हा जाड रेती आणि पोयटा काठालगतच पडतो, बारीक चिकणमाती दूरवर जाऊन बसते. त्यामुळे नदीच्या दोन्ही बाजूंना नैसर्गिक पाळ तयार होते आणि तिच्या मागे जमीन बशीसारखी खोलगट राहते. घरे, देवळे, बाजार आणि जुने रस्ते पाळीवर. भाताची खाचरे बशीत. जुनी घरे लाकडी खांबांवर, खाली होडी. (थाई बांगकेव कुत्र्यांची जात याच तालुक्यातल्या योमकाठच्या बांगकेव गावातली. पुराने आजूबाजूपासून तुटलेल्या वस्त्यांत ती वेगळी टिकून राहिली असावी हे पटण्यासारखे आहे.) बशीतल्या भारी चिकणमातीत पाणी मुरत नाही, हा भाताला फायदा. तेच पाणी पाळ अडवते म्हणून नदी उतरली तरी आपसूक बाहेर पडत नाही, हा तोटा. पूर्वेला योमची जुनी शाखा समांतर वाहते आणि बांग राकामजवळ मुख्य नदीला मिळते. पूर आधी याच वाटेने बशीत शिरतो.

पाऊस एकीकडे, पूर दुसरीकडे

इथे वर्षाला सुमारे 1300 ते 1400 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून थोडा जास्त. बहुतेक सगळा मे ते ऑक्टोबरमध्ये. नैऋत्य मोसमी वारे तेच, जे कोकणात पाऊस आणतात, पण वेळापत्रक निराळे आहे. मेच्या मध्यावर पाऊस सुरू होतो. जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैमध्ये पावसाचा पट्टा उत्तरेला दक्षिण चीनकडे सरकतो आणि इथे उघडीप मिळते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो पट्टा परत येतो आणि त्याच सुमारास दक्षिण चिनी समुद्रातली वादळे व्हिएतनाम-लाओस ओलांडून विरत विरत उत्तर थायलंडवर येतात. सप्टेंबर सर्वांत ओला. कोकणात जुलैचा जोर असतो तेव्हा इथे आभाळ उघडे असू शकते, हे लक्षात घेतले नाही तर ही योजना कळत नाही. एप्रिलमध्ये दुपारचे तापमान सरासरी 37 अंशांच्या आसपास असते आणि अनेकदा 40 च्या पुढे जाते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री 18-19 अंशांपर्यंत उतरतात.

गावातल्या पावसाने गाव बुडत नाही. बुडते ते फ्रे आणि फायावच्या डोंगरातल्या पावसाने. त्यामुळे बांग राकामचे लोक स्वतःच्या आभाळापेक्षा सुखोथाई शहरातल्या वाय-4 या मापन केंद्राच्या आकड्याकडे जास्त लक्ष देतात. ते बरोबरच आहे.

मेमध्ये पावसावर पेरलेले भात ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये कापणीला येत असे. म्हणजे लोंबी भरत असताना नेमका पूर. फार पूर्वी इथे पाण्याबरोबर उंच वाढणारी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापायची गरवी भाते होती, त्यांना पुराचे वावडे नव्हते. सिंचन आले, दोन पिके घेता येणारी आखूड ताटाची, हळवी म्हणजे लवकर पिकणारी वाणे आली, उत्पन्न वाढले आणि त्याबरोबर पुराची भीतीही. आखूड ताट आठवडाभर पूर्ण पाण्याखाली राहिले की संपले.

1 एप्रिल ते 15 ऑगस्ट

पहिल्या वर्षी योजनेत 2,65,000 राय जमीन घेतली. एक राय म्हणजे 1,600 चौरस मीटर. म्हणजे सुमारे 42,400 हेक्टर, एक लाख एकरांहून थोडे जास्त. फित्सानुलोक प्रांतातले फ्रोम फिराम, मुआंग आणि बांग राकाम हे तालुके आणि सुखोथाई प्रांतातला कोंग क्राइलात. या खाचरांत 40 कोटी घनमीटर पाणी घ्यायचे ठरले, म्हणजे 14 टीएमसी. क्षेत्रफळाने भागले तर सरासरी खोली 94 सेंटिमीटर येते. 2018 मध्ये क्षेत्र 3,82,000 राय आणि साठा 55 कोटी घनमीटर, म्हणजे 19.4 टीएमसी झाला. खोली जवळपास तेवढीच, 90 सेंटिमीटर. पुण्याच्या चार धरणांचा मिळून साठा 29 टीएमसी आहे, त्याच्या दोन-तृतीयांश पाणी इथे भिंत न बांधता, कंबरेइतक्या खोलीने पसरून ठेवले जाते.

एप्रिलमध्ये पाऊस नसतो, त्यामुळे सगळे पाणी बाहेरून आणावे लागते. ते योमचे नसते, कारण योम तेव्हा जवळपास कोरडी असते. पाणी नानचे. सिरिकित धरणातून सोडलेले पाणी फ्रोम फिराम तालुक्यातल्या नारेसुआन बंधाऱ्यावर अडवून पातळी उचलली जाते आणि कालव्यांनी पश्चिमेला योमकडच्या शेतांत जाते. म्हणजे एका नदीच्या धरणाचे पाणी देऊन दुसऱ्या नदीच्या पुराला जागा तयार करायची. या योजनेतली सर्वांत चतुर गोष्ट हीच आहे असे आम्हाला वाटते, आणि तिचा सर्वांत नाजूक सांधाही हाच.

वाणाची निवड साध्या वजाबाकीने होते. 1 एप्रिलला पेरलेले 105 दिवसांचे वाण 15 जुलैला आणि 120 दिवसांचे 30 जुलैला तयार होते. 110 दिवसांचे वाण 15 ऑगस्टला कापायचे असेल तर शेवटची पेरणी 27 एप्रिल. थायलंडचे प्रसिद्ध सुगंधी खाओ दोक मालि 105 इथे चालत नाही, आणि कारण जमिनीचे नाही. ते दिवसमानाला बांधलेले वाण आहे: कधीही पेरा, दिवस लहान होऊ लागल्यावर ऑक्टोबरमध्येच निसवणार आणि नोव्हेंबरमध्ये कापायचे. एप्रिलमध्ये पेरले तर सहा महिने नुसता पाला वाढेल आणि तो पुरात जाईल. म्हणून दिवसमानाशी बांधील नसलेली सिंचनाची वाणेच घ्यावी लागतात. 105 दिवसांच्या आसपास येणारे गो खो 41 हे त्यांतलेच.

पेरणी बहुधा फेकपेर असते: चिखलणी करून, पाणी काढून, मोड आलेले बी चिखलावर फेकायचे. रोपवाटिका आणि लावणीचे तीन-चार आठवडे वाचतात, पण त्याची किंमत आहे. जमीन सपाट हवी, नाहीतर सखल कोपऱ्यात बी कुजते आणि उंच कोपऱ्यात तण माजते. मोठी सोनेरी गोगलगाय कोवळे कोंब रात्रीत साफ करते, म्हणून पहिले दोन आठवडे पाण्याचा थर अगदी पातळ ठेवायचा आणि पाणी घेण्याच्या तोंडाशी जाळी लावायची. एप्रिलचे ऊन रोपाला सोसते. भाताला उष्णता बाधते ती फुलोऱ्यात, 35 अंशांच्या वर परागकण वाया जाऊन पळींज (पोकळ दाणे) वाढते. 1 एप्रिलची पेरणी जूनच्या मध्यावर फुलते, तोवर पाऊस येऊन पारा उतरलेला असतो. तारीख पुरासाठी निवडली, पण ती फुलोऱ्यालाही मानवली.

कापणीच्या दहा-बारा दिवस आधी खाचरातले पाणी काढायचे, म्हणजे कापणी-मळणी यंत्र रुतणार नाही. इथली चिकणमाती यंत्राचे पट्टेही गिळते.

दरवाजे कधी उघडायचे

वर सावानखालोकपाशी योमवर हात साफान चान हा दरवाज्यांचा बंधारा आहे. पूर आला की त्याच्या वरच्या बाजूने ख्लोंग होक बात या कालव्यात पाणी वळवतात; त्याचा एक भाग योम-नान कालव्याने नानकडे जातो, दुसरा जुन्या योमच्या शाखेत. हेतू एकच, सुखोथाई शहरातून सेकंदाला 550 घनमीटरच्या वर पाणी जाऊ द्यायचे नाही. जुन्या योममधून आलेले पाणी मग बांग राकामच्या बशीत घेतात. काही पाणी डीआर-2.8 आणि डीआर-15.8 या निचरा कालव्यांनी पुन्हा नानमध्ये सोडता येते. त्यासाठी नानची पातळी खाली हवी, म्हणून त्या काळात सिरिकितचा विसर्ग कमी करतात.

नुसता हिशेब म्हणून पाहा. वरून सेकंदाला 1,000 घनमीटर येत असेल आणि 550 पात्रातून गेले, तर 450 उरतात. दिवसाला 3 कोटी 89 लाख घनमीटर. 40 कोटींची जागा अशा पुराला दहा दिवस पुरेल. म्हणून ती पहिल्याच लाटेला भरून टाकायची नसते. आधी खोल तळी भरायची: बुएंग ताक्रेंग, बुएंग रामान आणि बुएंग खी रेंग. माकड केळे गालात साठवून सावकाश खाते तसे पाणी साठवायचे, हा विचार राजे भूमिबोल यांनी 1995 मध्ये मांडला होता. अशा जागांना थाईमध्ये 'कॅम लिंग', माकडाचे गाल, म्हणतात. तळ्यांनंतर कापणी झालेली खाचरे, सर्वांत सखल आधी. अजून उभे पीक असलेला तुकडा मध्येच असेल तर त्याच्याभोवती तात्पुरता बांध घालून पंप लावावे लागतात, आणि एका हट्टी उशिरा पेरलेल्या तुकड्यापायी शेजारच्या शेकडो राय जमिनीत पाणी घेणे अडते.

पाणी आत आले की पुढचे अडीच-तीन महिने गाव मासेमारीवर चालते. मत्स्यखाते पिल्ले सोडते, शिवाय नदीचे मासे चरायला आणि वाढायला स्वतःहून खाचरांत येतात. बारीक मासे खारवतात, वाळवतात. शेजारच्या कोंग क्राइलातमध्ये 'प्ला सोय' या छोट्या माशापासून बनणारी मत्स्यचटणी नावाजलेली आहे. हे उत्पन्न खरे आहे, पण ते जाळी आणि होडी असलेल्याला जास्त मिळते. पंचवीस राय जमीन बुडालेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ते आपोआप मिळत नाही.

कुठे फसते

पहिला धोका आधी येणाऱ्या पुराचा. 15 ऑगस्ट ही तारीख सरासरीवर बेतलेली आहे. 2011 मध्ये हैमा वादळाचा पाऊस जूनअखेर आला आणि नोक-तेन 30 जुलैला व्हिएतनामच्या किनाऱ्यावर धडकले. जुलै 2025 मध्ये विफा वादळाच्या उरलेल्या पावसाने शेजारच्या नान प्रांतात मोठा पूर आणला, तो 15 ऑगस्टच्या तीन आठवडे आधी. असा पाऊस योमच्या डोंगरात पडला की फ्रेहून सुखोथाईला पाणी यायला दोन-तीन दिवसच लागतात. तेवढ्यात सगळ्यांना एकाच वेळी यंत्र हवे असते, भाडे वाढते, आणि हिरवट लोंब्याही कापाव्या लागतात.

दुसरा, ओल्या भाताचा. जुलैअखेर कापलेल्या भातात 25 ते 30 टक्के ओल असते. साठवायला 14 टक्के लागते. एका दिवसात वाळवणी सुरू झाली नाही तर ढीग आतून तापतो, दाणा पिवळा पडतो, गिरणी भाव पाडते. शेतकऱ्याकडे पावसाळ्यात खळे नाही, म्हणून तो शेतातूनच ओले भात विकतो आणि ओलीची कपात सोसतो. हजारो हेक्टरचे भात एकाच पंधरवड्यात बाजारात येणे हा तारीख बांधून दिल्याचा थेट परिणाम आहे. पुरातून वाचलेल्या दाण्याचा भाव कमी मिळाला तरी तो दाणा हाती लागला हे खरे. पण वाळवणी यंत्रांची सोय या योजनेचा भाग म्हणूनच व्हायला हवी होती असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरा, एप्रिलच्या पाण्याचा. एका भातपिकाला चिखलणीसकट 1000 ते 1200 मिलिमीटर पाणी लागते आणि पहिल्या दीड महिन्याचे जवळजवळ सगळे धरणातून. सिरिकितच्या 951 कोटींपैकी 285 कोटी घनमीटर मृतसाठा आहे. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला तर एप्रिलमध्ये वाटायला फारसे उरत नाही. मग शेतकरी मेच्या पावसाची वाट पाहतो, 1 मेला 115 दिवसांचे वाण पेरतो आणि त्याची कापणी 24 ऑगस्टला येते. नऊ दिवस उशिरा, तेही पाऊस वेळेवर आला तर. पुरेसे पाणी असलेल्या वर्षीही कालव्याच्या शेपटाला पाळी उशिरा मिळते, आणि कालव्याचे शेपूट बहुधा सर्वांत सखल असते. ज्याला सर्वांत आधी पेरायला हवे, त्यालाच पाणी सर्वांत शेवटी. पाळीपत्रक वरून खाली न लावता खालून वर लावणे हा त्यावरचा उपाय आहे, पण वरच्या शेतकऱ्यांना भरलेला कालवा शेतासमोरून वाहताना बघत बसवणे सोपे नसते.

चौथा धोका शेवटच्या निचऱ्याचा, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पाणी सोडणे आपल्या हातात नसते. खाली फिचित आणि नाखोन सावान भरलेले असतील, चैनातच्या चाओ फ्राया धरणाखालची शेते भरलेली असतील, तर बांग राकामने थांबायचे. त्या खालच्या बारा शेतपट्ट्यांतही 1 मेला पेरून पूर घेण्याची हीच पद्धत आहे, म्हणजे सगळ्यांना निचरा एकाच वेळी हवा असतो. नोव्हेंबरमध्ये पाणी उतरून 1 डिसेंबरला दुसरे पीक पेरले तर 110 दिवसांचे भात 21 मार्चला कापते. पुढच्या 1 एप्रिलपर्यंत दहा दिवस राहतात. निचरा लांबून पेरणी 15 डिसेंबरला झाली, की कापणी 4 एप्रिल. एका वर्षाचा उशिरा निचरा असा पुढच्या वर्षीची पेरणी मागे ढकलतो आणि तीच पुढच्या पुरात सापडते. निचऱ्याच्या वेळी सगळे पाणी काढतही नाहीत. चिखलणीपुरते सुमारे 30 सेंटिमीटर ठेवतात, आपल्याकडच्या गाळपेरीसारखीच ओलीची कदर.

साचलेले पाणी सडते, हेही ठरलेले. एक टन धान्यामागे जवळपास तेवढाच पेंढा आणि धसकट शेतात असते. ते पाण्याखाली कुजताना प्राणवायू खाते, पाणी काळे पडते, वास येतो, मासे मरतात. पाणी एका दरवाज्याने आत घेऊन दुसऱ्याने थोडे थोडे पुढे सोडत राहिले तर हे टळते. जलपर्णी मोऱ्यांत अडकली की तेही थांबते. रस्त्यांची गोष्ट तशीच: पूर आला की रस्ता उंच करतात, मोरीचा गाळा मात्र जुनाच राहतो, आणि पुढच्या वर्षी तो रस्ताच बांध होऊन एका बाजूचे गाव बुडवतो.

भरपाईचा प्रश्न यानंतर उरतो. सरकारी मदत पिकाच्या नुकसानीवर ठरते, आणि वेळेवर कापणी केलेल्याचे पीक कागदावर बुडालेलेच नसते. पण त्याचे शेत तीन महिने सुखोथाई शहरासाठी आणि खालच्या प्रांतांसाठी पाणी सांभाळत असते; बांध फुटतात, घराच्या पायऱ्या कुजतात, मुले होडीने शाळेत जातात. योमवर ता नांग न्गाम इथे, याच तालुक्यात, आता दरवाज्यांचा बंधारा बांधला गेला आहे. त्याने उन्हाळ्यात पात्रात थोडे पाणी धरता येते आणि एप्रिलची पेरणी नानवर थोडी कमी विसंबते. पुरात त्याचे दरवाजे पूर्ण वर उचललेले असतात, आणि पाणी पूर्वीसारखेच बशीत शिरते.